पिंपासाठी फळी, माणसासाठी पायरी?



‘साधी यंत्रे’ हा धडा तुम्ही सर्वांनी शिकलेला आहे. त्यात उतरणीची एक आकृती हमखास असते. एक माणूस जड पिंप फळीवरून ढकलत ढकलत ट्रकमध्ये चढवीत असतो. तेच पिंप सरळ उचलायचे तर चार माणसे लागतील. फळी लावली की एकटा माणूस ते काम करतो. आकृतीखाली प्रश्न असतो : यांत्रिक फायदा किती? आपण फळीच्या लांबीला उंचीने भागतो, उत्तर लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

मला त्या आकृतीबद्दल एक निराळाच प्रश्न विचारायचा आहे. पिंप वर न्यायचे असले की फळी लावावी, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. मग चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला एखाद्या सार्वजनिक इमारतीत जायचे असते, तेव्हा आपली ही अक्कल कोठे जाते? तेथे आपण पायऱ्या बांधतो आणि म्हणतो, “यांना वर येता येत नाही.” येता येत नाही ते त्यांच्या पायांमुळे की आपल्या पायऱ्यांमुळे?

हा प्रश्न बँक, कचेरी, रेल्वे स्थानक अशा कोणत्याही इमारतीविषयी विचारता येईल. मी तो मुद्दाम शहराच्या इतिहासाच्या संग्रहालयाविषयी विचारतो आहे. शहराच्या संग्रहालयात केवळ राजांच्या तलवारी नसतात. शहर वसले कसे, पाणी कोठून आले, कोण कोठून पोट भरायला आले, कोणते धंदे चालले आणि कोणते बुडाले, हे तेथे मांडलेले असते. थोडक्यात, “हे शहर तुमचे आहे,” असे शहर तेथे आपल्या नागरिकांना सांगत असते. ते ऐकायला काही नागरिकांना आतच येता येत नसेल, तर त्या सांगण्याला अर्थ काय उरला?

लिव्हरपूलचे संग्रहालय

दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये लिव्हरपूल या बंदराच्या शहरी जाण्याचा योग आला. तेथे स्थायिक झालेली माझी मावशी गेली काही वर्षे चाकांच्या खुर्चीवरूनच हिंडते-फिरते. तिला घेऊन मी ‘म्युझियम ऑफ लिव्हरपूल’ पाहिले. मर्सी नदीच्या अगदी काठावर, जुन्या गोद्यांच्या परिसरात ही नवी इमारत उभी आहे. ती २०११ साली लोकांसाठी खुली झाली.

लिव्हरपूलचा आणि आपला संबंध काय, असे तुम्हाला वाटेल. संबंध कापसाचा आहे. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा अमेरिकेतील कापूस याच बंदरात उतरत असे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तो कापूस अडला आणि गिरण्यांची नजर मुंबईकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. याच चढउताराच्या काळात मुंबईत भायखळ्याच्या संग्रहालयाचे बांधकाम सुरू होते. मध्ये पैशाअभावी ते रखडले आणि अखेर १८७२ साली संग्रहालय उघडले. आज आपण त्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. त्याच्या उभारणीसाठी झटलेल्या भाऊ दाजींचे नाव त्याला १९७५ साली देण्यात आले. मुंबईचे नकाशे, येथल्या नाना जातिधर्मांच्या लोकांच्या मातीच्या प्रतिकृती, जुन्या उद्योगांच्या खुणा तेथे पाहायला मिळतात. तेव्हा एका शहराचा इतिहास दुसऱ्या शहरात असा जाऊन पोचतो.

लिव्हरपूलच्या संग्रहालयात एक रेल्वेचा डबा आहे. गोद्यांच्या कडेने खांबांवरून धावणारी एक विजेची रेल्वे तेथे १८९३ साली सुरू झाली. विजेवर चालणारी, जमिनीपासून उंचावर बांधलेली ती जगातील पहिली रेल्वे. पावसात गोदी कामगार तिच्याखालून चालत जात, म्हणून लोक तिला ‘गोदी कामगारांची छत्री’ म्हणत. १९५६ च्या अखेरीस ती बंद पडली. तिचा हा डबा संग्रहालयात, गाडी पूर्वी धावत असे त्याप्रमाणे, उंचावर मांडलेला आहे. खालच्या मजल्यावरच थांबणाऱ्या माणसाला त्याचे फक्त पोट दिसेल. मावशीला लिफ्टने वरच्या मजल्यावर जाता आले आणि तिने तो डबा समोरासमोर पाहिला.

इमारतीच्या मधोमध एक डौलदार गोलाकार जिना आहे. ज्यांना चढायचे ते त्यावरून चढतात. पण वर जाण्याचा तो एकमेव मार्ग नाही, ही त्या इमारतीतील महत्त्वाची गोष्ट. प्रवेशापाशी पायरी नाही, प्रत्येक मजल्यावर लिफ्ट जाते, खुर्ची वळवायला मोकळी जागा आहे, खुर्चीसह आत जाता येईल असे स्वच्छतागृह आहे. बाहेर पडताना मावशी म्हणाली, “इथं मला कुणी उचललं नाही, बरं का!” तिने संग्रहालयाला दिलेले हे प्रशस्तिपत्र मला फार मोठे वाटते.

उंबरठ्याचे गणित

आता यामागचे पदार्थविज्ञान पाहू. ते नववी-दहावीच्या पलीकडचे नाही.

माणूस आणि खुर्ची मिळून वस्तुमान १०० किलोग्रॅम धरा. म्हणजे वजन ९८० न्यूटन. त्याला १ मीटर उंच न्यायचे तर ९८० ज्यूल कार्य करावेच लागेल. यातून सुटका नाही. सरळ उचलले तर ९८० न्यूटन बल लावावे लागेल. पण १ मीटर उंचीसाठी १२ मीटर लांब उतरण बांधली, तर घर्षण सोडून केवळ ८२ न्यूटन बल पुरते; म्हणजे सव्वाआठ किलोची पिशवी उचलण्याइतके. कार्य तेवढेच, पण ते एका माणसाच्या हातांना झेपेल असे वाटून घेतलेले. हिलाच बांधकामवाले ‘रॅम्प’ म्हणतात, आणि तिचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, असा दंडक आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे.

पुष्कळ ठिकाणी नियमापुरता रॅम्प बांधतात आणि जागा वाचवण्यासाठी तो १:६ इतका उभा करतात. मग बल दुप्पट, सुमारे १६० न्यूटन लागते. शिवाय गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या टेकण्याच्या जागेकडे सरकतो आणि खुर्ची मागे उलटण्याचा धोका निर्माण होतो. असा रॅम्प छायाचित्रात शोभतो, उपयोगी पडत नाही.

दुसरे गणित उंबरठ्याचे. खुर्चीचे पुढचे चाक लहान असते. त्याची त्रिज्या १० सेंटिमीटर धरा. उंबरठ्याच्या कडेभोवती बलांची आघूर्णे घेतली, तर २.५ सेंटिमीटर उंबरठा चढायला त्या चाकावरील भाराच्या ०.८८ पट आडवे बल लागते. उंबरठा ५ सेंटिमीटर झाला की हेच बल १.७३ पट होते. आणि उंबरठा चाकाच्या त्रिज्येएवढा, म्हणजे १० सेंटिमीटर झाला, की आडवे बल कितीही लावा, चाक वर चढणार नाही. तुम्ही-आम्ही ज्याच्याकडे पाहतही नाही, तो दाराखालचा दगडी पट्टा चाकाला भिंतीसारखा असतो. हे उदाहरण वहीत सोडवून पाहा. पायथागोरसचा सिद्धांत आणि आघूर्णांचा नियम एवढी सामग्री त्याला पुरेल.

तिसरे गणित प्रकाशाचे. ते संग्रहालये बांधणाऱ्यांच्याही क्वचितच ध्यानी येते. जुनी नाणी, पत्रे, नकाशे पुष्कळदा टेबलासारख्या आडव्या काचपेटीत ठेवतात. काच जमिनीपासून १०० सेंटिमीटर उंच आहे असे माना. उभ्या माणसाचा डोळा १५५ सेंटिमीटरवर, तर बसलेल्या माणसाचा ११५ सेंटिमीटरवर. दोघेही डोळ्यापासून आडवे ६० सेंटिमीटर अंतरावरच्या काचेच्या एकाच बिंदूकडे पाहताहेत. स्तंभिकेशी उभ्या माणसाच्या दृष्टीचा कोन सुमारे ४७ अंश होतो, बसलेल्याचा सुमारे ७६ अंश. आता काचेचा स्वभाव असा, की प्रकाश जितका तिरपा तितके परावर्तन अधिक. ४७ अंशांना काचेच्या वरच्या पृष्ठभागावरून जेमतेम ५ टक्के प्रकाश परत फिरतो, तर ७६ अंशांना चतुर्थांशाहूनही अधिक. त्यामुळे उभ्या माणसाला पेटीतले नाणे दिसते आणि बसलेल्याला पलीकडच्या भिंतीवरचे दिवे! चौथीतल्या मुलालाही तेच दिवे दिसतात, कारण त्याचाही डोळा तेवढ्याच उंचीवर असतो. पेटी थोडी खाली घेतली किंवा तिची काच पाहणाऱ्याकडे झुकती ठेवली, की दोघांचीही सोय होते.

बावीस पायऱ्या

आपल्याकडची एक गोष्ट सांगतो. शहराचे किंवा शाळेचे नाव सांगत नाही. ते महत्त्वाचे नाही. माझ्या परिचयाच्या एक शिक्षिका आठवीच्या वर्गाची सहल घेऊन एका संग्रहालयात गेल्या. वर्गात चाकांच्या खुर्चीवरून येणारा एक मुलगा होता. इमारतीचे जोते उंच, पायऱ्यांखेरीज दुसरी वाट नव्हती. पहारेकरी म्हणाला, “याला इथंच बसू द्या, मी लक्ष ठेवतो.” मुलगा दीड तास तिकीट-खिडकीपाशी सर्वांची दप्तरे सांभाळीत बसला. दुसऱ्या दिवशी ‘आम्ही पाहिलेले संग्रहालय’ या विषयावर निबंध होता. त्याने दोन ओळी लिहिल्या : ‘संग्रहालयाला बाहेरून बावीस पायऱ्या आहेत. आत काय आहे ते मित्रांनी सांगितले.’

त्या मुलाने निरीक्षण अचूक केले होते. तेच पुढे नेऊ. एक पायरी १५ सेंटिमीटर धरली, तर बावीस पायऱ्यांची उंची ३.३ मीटर. १:१२ च्या हिशेबाने रॅम्प जवळजवळ ४० मीटर लांब होईल. तो वळणे घेत, मध्ये विसाव्याच्या सपाट जागा ठेवत बांधता येईल. जागा नसेल तर लिफ्ट बसवावी लागेल. १०० किलोग्रॅम ३.३ मीटर उचलायला ३,२३४ ज्यूल ऊर्जा लागते. विजेच्या एका युनिटात ३६ लाख ज्यूल असतात. लिफ्टच्या पाळण्याचे वजन प्रतिभाराने तोललेले असते. तरीही घर्षणात वगैरे निम्मी ऊर्जा वाया गेली असे समजू. म्हणजे एका युनिटात पाचशेहून अधिक वेळा त्या मुलाला वर नेता आले असते. लिफ्ट बसवायला खर्च येतो, हे मान्य. पण तो मुलगा बाहेर राहिला ते विज्ञानाला काही अशक्य होते म्हणून नव्हे.

तीन आक्षेप

हा विषय काढला की तीन उत्तरे ठरलेली असतात.

पहिले : “असे येतात तरी किती जण?” २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख लोकांची नोंद अपंग म्हणून झाली, त्यांतील सुमारे ५४ लाखांना चालण्या-हलण्याची अडचण होती. ते संग्रहालयात दिसत नाहीत हे खरे. पण ज्या घराला दारच नाही, त्या घरात पाहुणे येत नाहीत म्हणून दाराची गरज नाही, असे म्हणण्यासारखेच हे झाले. शिवाय गुडघे दुखणारी आजी, पायाला प्लास्टर घातलेला खेळाडू, बाबागाडी ढकलणारी आई आणि जड काचपेट्या हलवणारे संग्रहालयातलेच कामगार, हे सगळे त्याच उतरणीवरून जातात.

दुसरे : “जुन्या वास्तूंना हात लावता येत नाही.” जुन्या वास्तू जपायलाच हव्यात, आणि त्यांत काम करणे अवघड असते, हा आक्षेप खोटा नाही. पण अथेन्सचे अ‍ॅक्रोपोलिस पाहा. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची ती मंदिरे खडकाळ टेकडीवर उभी आहेत. डिसेंबर २०२० मध्ये त्या टेकडीच्या कड्याला लागून चाकांच्या खुर्च्यांसाठी नवी लिफ्ट सुरू झाली. मंदिरे होती तेथेच आहेत. जेथे हे जमले, तेथून आपल्या शंभर-दीडशे वर्षांच्या वाड्यांनी आणि दिवाणखान्यांनी काही शिकायला हरकत नसावी.

तिसरे उत्तर सर्वांत प्रेमळ आणि म्हणूनच सर्वांत फसवे : “आमची चार मुले उचलून नेतील की!” मुलांचा चांगुलपणा मी नाकारीत नाही. पण १०० किलोग्रॅम भागिले चार म्हणजे प्रत्येकी २५, हे सपाट जमिनीवरचे गणित झाले. जिन्यावर खुर्ची तिरपी होते, भार खालच्या दोघांकडे सरकतो आणि एकाचा पाय घसरला की पाचही जण कोसळतात. त्याहून मोठी गोष्ट अशी, की उचलला जाणारा माणूस आपल्या मनाने थांबू शकत नाही, मागे वळून एखादी वस्तू पुन्हा पाहू शकत नाही, एकटा येऊ शकत नाही. संग्रहालय पाहणे म्हणजे रमतगमत पाहणे. दुसऱ्यांच्या खांद्यावरून ते कसे व्हावे?

कायद्याचीही बाजू आहे. २०१६ साली आपल्या संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. सार्वजनिक इमारती सर्वांना जाता-येता येतील अशा करण्यासाठी, नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत त्यात दिली आहे. नियम २०१७ साली आले. मुदत कधीच उलटली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की याबाबतचे किमान निकष ऐच्छिक असून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. म्हणजे आता हा दयेचा विषय राहिलेला नाही, हक्काचा आहे.

तरीही नुसत्या कायद्याने उतरणी बांधल्या जातील, असे मला वाटत नाही. इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारून एक रॅम्प काढून नियम पाळल्याचे समाधान मानता येते. ज्या दाराने सगळे नागरिक आत जातात, त्याच दाराने प्रत्येकाला जाता यावे, हा आग्रह लोकांनीच धरायला हवा. आणि तो मोजमापांच्या आधारे धरला, तर त्याला उडवाउडवीची उत्तरे देता येत नाहीत.

तुम्हाला काय करता येईल?

एक मोजपट्टी, एक वही आणि एक ताणकाटा घ्या. तुमच्या गावातले किंवा जवळच्या शहरातले संग्रहालय गाठा. संग्रहालय नसेल तर वाचनालय चालेल. परवानगी घेऊन पुढील गोष्टी मोजा : प्रवेशाच्या पायऱ्या किती व प्रत्येकीची उंची किती? रॅम्प असेल तर त्याची उंची आणि लांबी किती, म्हणजे उतार किती? दारांची रुंदी ९० सेंटिमीटर आहे का? उंबरठे किती उंच? दालनात खुर्ची पूर्ण वळवायला दीड मीटर मोकळी जागा आहे का? स्टुलावर बसून काचपेट्या पाहा आणि काय दिसते, काय दिसत नाही ते लिहा. शाळेत फळी, खेळण्यातली गाडी आणि ताणकाटा घेऊन १:६, १:१२ आणि १:२० अशा उतारांवर गाडी ओढायला किती बल लागते, त्याचा तक्ता करा. वर्गात चाकांच्या खुर्चीवरून येणारा सोबती असेल, तर या पाहणीचा प्रमुख त्याला करा. या विषयातला जाणकार तोच आहे.

मग सगळी मोजमापे स्वच्छ अक्षरात लिहून, कोठे किती लांबीची उतरण बसेल याच्या आकृतीसह, संग्रहालयाच्या प्रमुखांना पाठवा. पत्राखाली साऱ्या वर्गाच्या सह्या असू द्या. उत्तर आले नाही तर महिन्याने पुन्हा पाठवा.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, आपणाला एकच विनंती. पुढच्या सहलीचे ठिकाण ठरवताना बसभाडे आणि तिकिटाचे दर यांच्या आधी संग्रहालयाला एक प्रश्न विचारा : “आमच्या वर्गातील प्रत्येकाला आत येता येईल ना?” हा प्रश्न दरवर्षी दहा शाळांनी विचारला, तर अकराव्या शाळेला तो विचारावा लागणार नाही.